शत्रूसाठी आठ शब्द

१

सोमवारी सकाळी साडेदहाला आमच्या कोशातले सगळे शत्रू नाहीसे झाल्याचं उघडकीला आलं.

टायपिस्टताईंनी लाकडी कपाटाचा एकेक खण ओढला, कार्डं चाळली, पुन्हा चाळली आणि म्हणाल्या, "प्रूफवाले, एनिमी नाहीये."

"नशीबवान आहात," मी म्हणालो.

"थट्टा पुरे. फो नाही. रायव्हल नाही. अपोनंट नाही. इकडे या जरा!"

गेलो. अ‍ॅडव्हर्सरी, अँटॅगोनिस्ट, कॉम्पिटिटर, एनिमी, फो, नेमेसिस, अपोनंट, रायव्हल. सात खणांतली आठ कार्डं. गायब.

आमची कचेरी म्हणजे छापखान्याच्या वरच्या तीन खोल्या. इथे तीस वर्षं एक इंग्रजी-मराठी कोश चाललाय. तो दोन सख्ख्या भावांनी सुरू केला. सगळे त्यांना थोरले आणि धाकटे म्हणतात. थोरल्यांनी काळ्या शाईत कार्ड लिहायचं: शब्द, अर्थ, वापराचं एक वाक्य. धाकट्यांनी ते हिरव्या शाईत तपासायचं. मी मुद्रितं तपासतो. शाळा सातवीपर्यंत, त्यानंतर खाली छपाईचे शिशाचे खिळे जुळवले. इंग्रजी मी उलट्या अक्षरांतून शिकलो. माझ्या विद्वत्तेवर कुणी जाऊ नये, चुका मात्र मला दिसतात.

थोरले दोन महिन्यांपूर्वी गेले.

ही आठ कार्डं त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आपल्याकडे कुणीही समोर उभा राहिला की तो शत्रू. इंग्रजीत तसं चालत नाही. तुमचं वाईट व्हावं म्हणून जो झटतो तो एनिमी. तुम्हाला हवं तेच ज्याला हवंय तो रायव्हल, त्याच्याशी तुमचं वैर असेलच असं नाही. अपोनंट पटापलीकडे बसतो, डाव संपला की हात मिळवून घरी जातो. फो उरलाय कवितेत आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात. हा फरक सांगणारी पानभर टीप थोरले लिहिणार होते. ती राहिली. आता ती धाकट्यांनी लिहायची आणि शुक्रवारी कोश छापायला जायचा.

छापखान्याचे मालक वर आले. त्यांनी रिकामी जागा बघितली आणि कुणाला काही न विचारता धाकट्यांच्या दाराकडे बोट केलं.

"एकोणीस वर्षं भावाशी बोलला नाही हा माणूस. आता मेलेल्या भावाचं अक्षरही सोसवेना. शुक्रवारपर्यंत कार्डं आली नाहीत तर मुखपृष्ठावर याचं नाव जाणार नाही. तीस वर्षं गेली खड्ड्यात."

दार उघडंच होतं, थोडंसं. धाकट्यांनी ते ऐकलं. उठले आणि आतून लावून घेतलं.

२

एकोणीस वर्षांपूर्वी कोशाची छोटी आवृत्ती निघाली होती. तिच्यावर नाव एकट्या थोरल्यांचं. धाकट्यांनी पहिली प्रत उघडली, मिटली, टेबलावर ठेवली. त्या दिवसापासून दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना बसले, थोरल्यांच्या खोलीतल्या एकाच कपाटातनं कार्डं काढली आणि एक अक्षर बोलले नाहीत. धाकट्यांचं टेबल थोरल्यांच्या दारापासून बारा पावलांवर. मी मोजलीयत. रागाच्या भरात माणूस काहीही मोजतो.

शनिवारी सकाळी ताईंनी ती आठ कार्डं जागेवर बघितली होती. मी आधी मालकांना गाठलं.

"शनिवारी तुम्ही वर आला होता," मी म्हणालो.

"माझ्या जागेत मी यायचं नाही? तुम्ही फौजदार कधीपासून झालात?"

"या दोघा भावांना त्या आठांतला कुठला शब्द लावाल?"

ते हसले. "रायव्हल. दोघांना एकच गोष्ट हवी होती, नाव."

"आणि ते एकाचंच का छापलं गेलं?"

"अहो, दोन नावं त्या छोट्या कव्हरावर बसत नव्हती. दिसायला कसंतरीच. मी म्हटलं, एक काढा. मोठा तो मोठा."

"थोरल्यांना विचारलं होतं?"

"ते तेव्हा तापानं पडून होते. छापल्यावर कळलं त्यांना. आरडाओरडा केला थोडा. आता त्याचं काय?"

त्याचं काय! एका माणसाला कव्हर बरं दिसावं म्हणून दोन भाऊ एकोणीस वर्षं मेल्यासारखे जगले, आणि हा विचारतोय त्याचं काय. हे तोंडावर बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती आणि कार्डंही मिळाली नसती.

मग टायपिस्टताई.

"शनिवारी कोण कोण होतं?"

"मालक पाच मिनिटं. धाकटे दिवसभर. आणि दुपारी वहिनी आल्या होत्या, थोरल्यांचा चष्मा न्यायला. खोलीत अर्धा तास बसल्या एकट्याच. मी पाणी दिलं. बिचाऱ्या."

"तुम्ही कुठला शब्द लावाल, ताई?"

"अपोनंट," त्या म्हणाल्या. "फक्त डाव संपला कधी ते यांना कुणी सांगितलंच नाही." आणि पदरानं डोळे पुसून मशीनवर बसल्या.

मी तीन वेळा ठोठावल्यावर धाकट्यांनी दार उघडलं.

"तुम्ही नेली का?"

"नाही."

"मग मालकांना तसं सांगा ना! नाव जाईल तुमचं."

"एकदा गेलंच आहे." ते खिडकीकडे बघत म्हणाले. "सवय आहे."

"आठांतला कुठला शब्द, धाकटे? तुम्हा दोघांना?"

कोशकाराला साधा प्रश्न विचारला तरी तो आतला सगळा साठा चाळून येतो.

"एकही नाही," ते म्हणाले. "त्याचं मन माझ्याबद्दल काय होतं, ते मला कधीच कळलं नाही. माहिती नसताना शब्द लावायचा नसतो."

मी निघालो तर मागून म्हणाले, "प्रूफवाले, कार्डं सळईतून नीट काढलीयत की ओढलीयत?"

हे मला सुचायला हवं होतं.

३

आमच्या प्रत्येक कार्डाला खालच्या बाजूला भोक असतं आणि खणातून एक सळई त्या सगळ्या भोकांतून जाते. कार्ड हवं तर खणाच्या तोंडाचा स्क्रू फिरवायचा, सळई ओढायची, कार्ड उचलायचं. या कचेरीत कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे शिकवतात. फाटलेलं कार्ड म्हणजे इथे पाप. एकदा पंख्याच्या वाऱ्यानं एक कार्ड फाटलं तर थोरले दोन दिवस जेवले नव्हते.

मी सातही खण जमिनीवर घेतले. सातही सळयांना कार्डांच्या कडेचे चुरगळलेले कपटे अडकलेले. कुणीतरी हिसडा मारला होता.

मी तिथंच बसलो फरशीवर. धाकटे नव्हेत. धाकटे खून करतील, कार्ड फाडणार नाहीत. ताईही नव्हेत. मालक? त्यांना स्क्रू ठाऊक नाही. पण त्यांना कार्डं नेऊन करायचंय काय? शुक्रवार चुकला तर तोटा त्यांचाच.

मग एक शंका आली. उरलेले एकोणीस खणही काढले. कंबरेचा काटा ढिला झाला. दुसऱ्याच खणात, म्हणजे बी-च्या, ब्रदरहुडच्या अलीकडे, सळईला तसाच एक कपटा.

ब्रदर गेलं होतं. नववं कार्ड. ते केव्हाच टाइप होऊन गेल्यामुळे कुणी बघितलंच नव्हतं.

आता डोकं लावा. कार्डांवरचा मजकूर कुणाला नकोसा असेल तर तो नष्ट करेल. पण शत्रूंच्या जोडीला भाऊ कशाला? आणि नऊ कशाला? ज्याला मजकूर कुठे आहे ते ठाऊक असतं तो नेमकं एक कार्ड नेतो. ज्यानं नऊ नेली त्याला एवढंच माहीत होतं, की कुठल्यातरी कार्डावर शत्रू आणि भाऊ ही दोन्ही एका वाक्यात आहेत. पण शत्रूच्या आठांपैकी कोणतं, ते माहीत नव्हतं.

आठांची यादी थोरल्यांच्या टेबलावर काचेखाली होती. वर मराठीत मथळा, "शत्रू". खाली इंग्रजी शब्द. कुणालाही उतरवून घेता येईल, अक्षरांचे आकार जुळवून.

म्हणजे हा माणूस कचेरीतला नाही. कोशाचं काम त्याला येत नाही. पण थोरल्यांनी एका कार्डावर काय लिहिलंय हे त्याला थोरल्यांच्या तोंडून कळलंय. आणि शनिवारी तो अर्धा तास त्या खोलीत एकटा होता.

मी चप्पल घातली. ताई म्हणाल्या, "कुठे निघालात?"

"चष्मा बघायला," म्हटलं.

४

वहिनींनी दार उघडलं, मला बघितलं आणि बाजूला झाल्या. म्हणजे त्या माझी वाट बघत होत्या.

खोलीत सगळं दोन-दोन होतं. दोन खुर्च्या, दोन खाटा, दांडीवर दोन पंचे. एक वाळलेला, कडक झालेला.

"सळई ओढायची असते," मी म्हणालो. "कार्ड फाडायचं नसतं."

"मला काय ठाऊक." त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवरून पिठाचा डबा काढला. मागून जाड पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. "मला इंग्रजी येत नाही. एबीसीडी येते. यादीतल्यासारखं दिसलं ते ओढलं."

"का पण, वहिनी?"

"त्या माणसानं माझ्या नवऱ्याला एकोणीस वर्षं जाळलं. जेवताना घास हातात धरून बसायचे हे. मी काय झालं विचारायची, हे म्हणायचे, आज जिन्यात समोर आला, बाजूला झाला. आणि आता ह्यांनी लिहिलेलं वाचून तो रडणार? चार अश्रू ढाळून मोकळा होणार? नाही होऊ द्यायचं मला ते."

मी एनिमीचं कार्ड काढलं. मी असतो तर पहिल्यांदा तेच काढलं असतं. काळ्या शाईत थोरल्यांचं गोल अक्षर: *ही इज नॉट माय एनिमी, ही इज माय ब्रदर.* तारीख सोळा वर्षांपूर्वीची.

खाली हिरव्या शाईत, बारीक अक्षरात धाकट्यांनी लिहिलं होतं: *आधार?*

आमच्या कोशाचा नियम आहे, वापराचं वाक्य मनचं चालत नाही. कुठल्या पुस्तकातलं, कुठल्या पानावरचं, ते खाली लिहावं लागतं. नसलं की धाकटे हिरव्या शाईत "आधार?" असं विचारून कार्ड परत पाठवायचे. हजारो कार्डांवर त्यांनी हे लिहिलंय. थोरल्यांनी तीन वर्षं वाट बघून, तोंडानं बोलायची लाज वाटते म्हणून कार्डावर समेटाचा हात पुढे केला. आणि धाकट्यांनी त्या हाताचा पत्ता विचारला.

"हे वाचून ते घरी आले," वहिनी म्हणाल्या. "असे बसले होते, जसं कुणी मुस्काटात मारलीय. खाली बघा."

हिरव्याच्या खाली पुन्हा काळी शाई.

*आधार : आई गेली त्या पहाटे तू माझ्या पांघरुणात येऊन झोपलास. साक्षीदार दोघेच.*

"हे पाठवलं का नाही?" माझा आवाज चढला. "वहिनी, एवढं लिहून ठेवलं आणि दिलं का नाही त्यांना?"

त्या बराच वेळ पाकिटाच्या कडा नीट करत राहिल्या.

"मी देऊ दिलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एकदा तोंडावर दार आपटलंय ना? किती वेळा नाक घासणार त्याच्यापुढे? तुम्हाला काही मान आहे की नाही? ह्यांनी ऐकलं माझं. कार्ड परत कपाटात लावलं. म्हणाले, कधी हाताला लागलं तर वाचेल."

एकदा तपासलेलं कार्ड धाकटे पुन्हा कधीही काढत नसत. हे थोरल्यांना माहीत नव्हतं का? होतं. तरी सोळा वर्षं ते त्या माणसाच्या बारा पावलांवर ठेवून वाट बघत राहिले.

"शेवटच्या आठवड्यात म्हणाले, आता टीप लिहायला ती कार्डं निघतील, आता वाचेल तो. आनंदानं म्हणाले हो!" वहिनींनी पाकीट दूर सारलं. "आणि मला भीती बसली. वर तारीख आहे, त्याखाली उत्तर आहे. भाऊजी विचारणार, हे तेव्हाच का नाही दिलं? मी काय सांगू? माझ्यामुळे? सांगा ना, प्रूफवाले, हे तोंडानं सांगता येतं का कुणाला?"

मला येत असतं तर मी दुसऱ्याच्या चुका शोधून पोट भरलं असतं का?

"नेली नाहीत तर त्यांचं नाव जाईल," मी एवढंच म्हणालो. "दुसऱ्यांदा."

"न्या," त्या म्हणाल्या. "मी येते जिन्यापर्यंत. वर येणार नाही."

५

मालकांना मी म्हणालो, कार्डं थोरल्यांच्या सामानात चुकून गेली होती. त्यांनी शुक्रवार आहे ना, एवढंच विचारलं आणि खाली गेले. धाकट्यांची माफी? ती मागायला आधी लाज असावी लागते.

मग मी धाकट्यांच्या खोलीत जाऊन एनिमीचं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. आपली हिरवी खूण बघितली. त्याखालचं वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पहिल्यापासून वाचलं. कोशकार आहे, एकदा वाचून विश्वास ठेवत नाही.

"हे मी लिहिलंय? आधार?"

"तुमचंच अक्षर."

"मला आठवत नाही." ते पुन्हा म्हणाले, "मला आठवतसुद्धा नाही, प्रूफवाले. त्या दिवशी पन्नास कार्डं आली असतील. मला वाटलं उदाहरण आहे. वाक्य चांगलं होतं. फक्त आधार नव्हता."

"तुमचं नाव थोरल्यांनी काढलं नव्हतं," मी म्हणालो. "मालकांनी काढलं. कव्हरावर दोन नावं बसत नव्हती म्हणून. थोरले तापात होते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरलो.

"मग बोलला का नाही? एकोणीस वर्षं! तोंड होतं ना त्याला?"

"बोलले की," मी कार्डाकडे बोट केलं. "हे काय आहे?"

त्यानंतर जे झालं ते मी लिहिणार नाही. म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडतो तेव्हा बघणाऱ्यानं भिंतीकडे तोंड करावं. मी केलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "उत्तर लिहिलं तर पाठवलं का नाही?"

खाली जिन्याच्या तोंडाशी वहिनी उभ्या होत्या. मला त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी तोंड उघडणार, तोच खालून आवाज आला.

"मी अडवलं, भाऊजी."

एकोणीस वर्षांत त्या घरातून या माणसाकडे आलेला हा पहिला शब्द. धाकटे उठले, जिन्याच्या कठड्याशी गेले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, एक वर, एक खाली. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल. त्याचा हक्क होता.

"तुम्ही जेवलात का, वहिनी?" ते म्हणाले.

त्या वळल्या आणि निघून गेल्या. सगळं एका दमात नीट होत नसतं. होतं म्हणणारे लेखक खोटारडे.

बुधवारी आणि गुरुवारी धाकट्यांनी टीप लिहिली. आठही शब्द, प्रत्येकाचा वापर, प्रत्येक वाक्याला पुस्तक आणि पान. एनिमीखाली भावाचं वाक्य घातलं, आणि त्याच्यासमोर आधाराची जागा तीस वर्षांत पहिल्यांदा कोरी सोडली.

गुरुवारी दुपारी मुखपृष्ठाचं शेवटचं मुद्रित आलं. त्यांनी बघितलं, हिरवं पेन घेतलं आणि स्वतःचं नाव एका सरळ रेघेनं खोडून माझ्याकडे सरकवलं.

"हे एकट्या त्याचं आहे," ते म्हणाले.

माझा धंदा आज्ञा पाळण्याचा. खोडलेलं काढायचं, लिहिलेलं घालायचं. सव्वीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही. मी पेन घेतलं आणि त्या खोडलेल्या नावाखाली एकामागून एक टिंबं दिली. समासात लिहिलं, "असू द्या." आमच्यात याचा अर्थ, दुरुस्ती रद्द, मूळचं राहू द्या.

"कुणाच्या हुकमानं?" ते म्हणाले.

"माझ्या. काढून टाका कामावरून."

त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला. मला वाटलं पुन्हा खोडतील. बराच वेळ ते त्या दोन नावांकडे बघत होते. थोरल्यांचं डावीकडे, त्यांचं उजवीकडे, मध्ये बोटभर कोरी जागा.

"एवढी जागा कशाला सोडलीय मध्ये?" ते म्हणाले. "जवळ घ्या."

मी खूण केली आणि स्वतः खाली घेऊन गेलो. जुळाऱ्यानं मधले सगळे कोरे तुकडे काढले, नावं सरकवली, अंगठ्यानं दाबली.

"अजून," मी म्हणालो.

"याहून जवळ येत नाहीत," तो म्हणाला. "प्रत्येक अक्षराला स्वतःचं शिसं असतं ना कडेला. तेवढं मध्ये राहणारच."

मी वर जाऊन तसं सांगितलं. धाकट्यांनी मान हलवली.

"राहू दे तेवढं," ते म्हणाले.